उबेला आलेले

११ नोव्हेंबर

पोचले एकदाची. बोटीत पोट अजिबात ढवळलं नाही, हे मयुरेशला फोन करून आधी अभिमानाने सांगितलं. तो वोल्फ्सबुर्गला ऑफिसात होता. दोन मीटिंगच्या मध्ये नवरा जेवढं कौतुक करू शकतो तेवढं त्याने केलं.

सूडरहॉर्न म्हणजे उत्तर समुद्रात ठेवलेलं एक सपाट हिरवं ताट. झाड एकही नाही, बांधही नाही. हिवाळ्यात मोठी भरती आली की सगळं कुरण पाण्याखाली जातं आणि मधला मातीचा उंचवटा तेवढा वर उरतो. त्याला इथे वार्फ्ट म्हणतात. त्यावर एकच घर, आणि घरात फ्राऊ टाडसेन, म्हणजे टाडसेनबाई. सत्तरीच्या पुढच्या आहेत, पण माझी बॅग त्यांनीच उचलली आणि नको म्हणायची संधी दिली नाही. मेंढ्या ऑक्टोबरमध्येच बोटीने पलीकडे गेल्या. आता बेटावर फ्राऊ टाडसेन, त्यांचा रेडिओ आणि मी.

ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठाने मला इथे पाठवलंय ते थंड बेटांवरचे जमिनीवरचे जीव हिवाळा कसा काढतात ते बघायला. भुंगेरे, कोळी, गोमा, वाळूतले उड्या मारणारे किडे. कुरणात प्लॅस्टिकचे पेले काठापर्यंत पुरायचे, रात्रीतून आत जे पडेल ते सकाळी मोजायचं आणि सोडून द्यायचं. पीएचडीचं शेवटचं प्रकरण यावर उभं राहणार आहे.

आज आमच्या लेकीच्या, अन्वीच्या किटाची, म्हणजे बालवाडीची, कंदिलांची मिरवणूक होती. फोनवर मी मराठीत विचारलं, तिने जर्मनमध्ये सांगितलं, तिचा कंदील घुबडाचा आहे. ती मला मामा म्हणते, इथली जर्मन मुलं आईला म्हणतात तसं. पुण्याहून सासूबाई फोनवर असल्या की दर वेळी विचारतात, कुठला मामा आलाय गं?

१३ नोव्हेंबर

पेले पुरून झाले. पाठ मोडली, पण मजा आली. वारा असा की बोललेला शब्द तोंडात परत येतो.

संध्याकाळी थालीपीठ लावलं. फ्राऊ टाडसेननी लसणाची चटणी बोटावर घेऊन चाखली आणि उरलेली वाटी स्वतःकडे ओढली. मी त्यांना माझ्या कामातली एक गंमत सांगितली. अशा वाऱ्याच्या बेटांवर पिढ्यान् पिढ्या पंखवाले किडे समुद्रात उडून जातात, म्हणून पंख नसलेले मागे उरतात. त्यांना पळायचं तर चालतच पळावं लागतं. त्या म्हणाल्या, इथल्या माणसांचंही तेच आहे.

१६ नोव्हेंबर

विचित्र आकडे. कडेच्या कुरणातले पेले रिकामे. एकही कोळी नाही. उंचवट्याच्या पायथ्याशी मात्र काठोकाठ भरलेत, एकावर एक. भुंगेऱ्यांशेजारी कोळी, कोळ्यांशेजारी गोम, आणि कोणी कोणाला खात नाहीये.

फ्राऊ टाडसेनना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. मोठं पाणी यायच्या आधी ते वर येतात आणि पाणी उतरलं की परत जातात, असं त्या लहानपणापासून बघत आल्यात. चालताना पायाखाली बघ, एवढंच म्हणाल्या. मला तर आनंदाने जेवण सुचेना. हे असं मोजून कोणी लिहिलेलं नाही. प्रोफेसरांना मेल केली, तासाभरात उत्तर आलं. ते खूश आहेत.

१८ नोव्हेंबर

बोटवाला मुद्दाम येऊन गेला. वायव्येचं वादळ येतंय, बरेच दिवस टिकणार, यायचं असेल तर आत्ता निघू, म्हणाला. फ्राऊ टाडसेन हलणार नव्हत्याच. त्या अशी वादळं या घरातच काढतात. हे आकडे सोडून जाववेना, मी राहिले. मयुरेशला सांगितलं तेव्हा तो ओरडला नाही. तो ओरडला नाही की मला कळतं. रविवारी तू येणार म्हणून बसलीये अन्वी, तिला काय सांगू, एवढंच विचारलं त्याने.

वरच्या मजल्यावरची खोली आज बघितली. साठ वर्षांपूर्वीच्या पुरानंतर इथल्या घरांत अशी एकेक बांधली गेली. ती काँक्रीटच्या खांबांवर आहे, भिंती वाहून गेल्या तरी ती उभी राहावी म्हणून. दोन खाटा, गॅसची छोटी शेगडी, पाण्याचे कॅन, एक खिडकी. हे दिसल्यावर जीव भांड्यात पडला.

१९ नोव्हेंबर

घराची दक्षिणेची भिंत काळी झाली आहे. लांबून ओल वाटली. जवळ गेले तर ओल हलत होती.

फोटो काढले, पण मोजता येण्यासारखं काही नाही. दाराखालून आत येतायत. फ्राऊ टाडसेननी फटीत टॉवेल कोंबला. दुपारी टॉवेल उचलला तर तो जड लागला. आज पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, तुझ्या पुस्तकांत इतके असतात का? नसतात, म्हटलं. मग त्यांनी वरच्या खोलीत आणखी दोन ब्लँकेटं नेऊन ठेवली.

२० नोव्हेंबर

दुपारी खिडकीतून बघितलं तर कुरण नव्हतं. राखाडी लाटा थेट उंचवट्याच्या कडेला. अंधार पडायच्या आत पाणी स्वयंपाकघरात आलं. फ्राऊ टाडसेन म्हणाल्या, या घरात पाणी मी कधी बघितलं नाही. तेवढं बोलून रेडिओ उचलायला वळल्या आणि जिन्याच्या पायरीवर पडल्या. खुबा मोडलाय बहुतेक. काखेत हात घालून एकेक पायरी ओढत त्यांना वर आणलं. ओठ चावून रक्त काढलं त्यांनी.

जिना मऊ लागत होता पायाला. खाली बघितलं नाही.

बचाव पथकाला फोन लागला. वारा फार आहे, हेलिकॉप्टर उडू शकत नाही, वारा पडला की सगळ्यात आधी तुमच्याकडे, असं म्हणाले. एकत्र राहा, उबेत राहा. मग मयुरेशला लावत होते, तेव्हा नेटवर्क गेलं. वीजही.

२१ नोव्हेंबर

लाटेने खिडकी फुटली. गादी लावून बंद केली, पण अर्धी खोली भिजली, आम्हीही भिजलो. गॅस सकाळी संपला.

बेटावर आता कोरडं एवढंच आहे. त्यामुळे सगळं बेट इथे आलंय. दाराखालून, जिन्यावरून, छतातून. भिंती दिसत नाहीत. गादी जराशी सरकवून बादलीने भरून खिडकीतून टाकले. एकमेकांना धरून त्यांचे गोळे पाण्यावर तरंगतात आणि भिंतीला लागले की परत चढतात.

आणि थंडीने बधिर झालेत, म्हणून जिथे ऊब आहे तिथे येतात. ऊब फक्त आम्ही आहोत.

साताऱ्याला लहानपणी आजोळी गोम कानात जाते म्हणून झोपताना कापूस घालायचे. मी हसायचे. आज प्रथमोपचाराच्या पेटीतला सगळा कापूस आम्हा दोघींच्या कानांत कोंबला.

फ्राऊ टाडसेनच्या ब्लँकेटखालून ओंजळीने काढत होते, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "त्यांना तरी कुठे जायला जागा आहे."

"तुम्हाला त्रास होतोय."

"मला काही जाणवत नाही कमरेखाली. तू स्वतःचं बघ, मुली."

२२ नोव्हेंबर

तोंड मिटून झोपता येत नाही, नाक चोंदलंय. उघडं ठेवता येत नाही. रुमाल बांधला. रुमालाच्या आत—

डोळ्यांच्या कडांना येतात. पाण्यासाठी असावं. कॅन बंद आहेत, बाकी सगळं पाणी समुद्राचं.

पूर्वी एकेकाचं नाव घेऊन बघायची सवय होती. आता घेत नाही. चिरडते. बोटं तपकिरी झालीत, वासाने उलटी आली, पोटात काही नव्हतं.

पाणी जिन्याच्या निम्म्यावर. वारा तसाच.

फ्राऊ टाडसेन मधूनच बोलतात. नवऱ्याशी. जुन्या बोलीत, मला कळत नाही. एकदा मात्र स्पष्ट जर्मनमध्ये विचारलं, तुझी छोटी वाट बघत असेल ना. हो म्हटलं. मग त्यांना घट्ट धरून झोपले. माझ्यापेक्षा त्यांच्या अंगावर जास्त आहेत. त्यांना ताप आहे.

२३ नोव्हेंबर

सकाळी जाग आली ती ओझ्याने. छातीवर, मानेवर, केसांत, इतके कधी नव्हते. श्वास घेता येईना. उठून बसले, दोन्ही हातांनी ओरबाडलं. अजून येतच होते, रुंद पट्टा करून, शेजारून.

फ्राऊ टाडसेनच्या अंगावरून.

त्यांचं ब्लँकेट स्वच्छ होतं. चेहरा स्वच्छ. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा नीट दिसला. एकही नाही. सगळे त्यांना सोडून निघाले होते, आणि मी हाक मारायच्या आधीच मला कळलं.

हाक मारली तरी. खूप वेळ मारली.

नंतर

डोळे मिटवले त्यांचे. त्यांचं ब्लँकेट मी घेतलं. माफ करा म्हटलं, मराठीत. त्या असत्या तर त्यांनीच दिलं असतं.

मी रडले तर गालांवर जमतात.

पाणी उतरतंय बहुतेक. जिन्याची एक पायरी दिसली. मग परत नाही दिसली.

उठून चालायचं. हातपाय हलवायचे. खोलीत तीन पावलं आहेत, प्रत्येक पाऊल—

नाही लिहीत ते.

कोणता वार

कपडे वाळत नाहीत. दात वाजतात, पेन्सिल धरवत नाही. ब्लँकेट ओलं झालं तेही. सगळे माझ्यावर. एकटीवर. पापणीवर, नखांत.

मयुरेश, मी हे तुला सांगणार नाही. घरी आले की आंघोळ करीन, फक्त आंघोळ, गरम, आणि अन्वीला मांडीवर—

हेलिकॉप्टर? नाही. वारा.

पांढरं बाहेर

वारा पडला. धुकं आहे. धुक्यात हेलिकॉप्टर उडतं का, विचारलं नव्हतं.

हात थरथरायचे थांबलेत. थंडी वाजत नाही आता. बरं वाटतंय.

खाज नाही. मनगटावर कोणी नाही. बाहीतून उतरतायत, खाली, खाटेच्या पायावरून भिंतीकडे. मानेवर नाही. केसांत नाही.

मला माहीत आहे हे काय आहे. मी बघितलंय हे.

उठायला हवं. सांगितलं पायांना—

दोन्ही ओंजळी भरून घेतले. स्वेटरच्या आत ठेवले, छातीपाशी. राहत नाहीत. परत घेतले. परत चालले—

जाऊ नका. आहे मी अजून. गळ्यापाशी आहे बघा थोडी ऊब, इथे, या रे, इथे हात लावून बघा, इथे अजून—