खानावळ कुणाची

५ फेब्रुवारी ६४, धाड

सकाळी दवंडी. शिजवलेलं अन्न विकणाऱ्यांनी ग्रामपंचायतीत नाव नोंदवून परवाना घ्यावा, नाहीतर दुकान बंद. चहावाले, भजीवाले सगळे धावले. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

दोन वर्षं झाली, पुढच्या खोलीत माणसं जेवतात. मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, शाळेचे मास्तर, कंपाउंडर. बाजाराच्या दिवशी तर ओळ ओट्यापर्यंत जाते. ह्याला खानावळ म्हणतात हे साऱ्या गावाला ठाऊक, फक्त माझ्या सासरला नाही. केशवभाऊजी, माझे धाकटे दीर, अजून लोकांना सांगतात, "वहिनीकडे पाहुणे येत असतात." रोज पाहुणे! आणि रोख पैसे देऊन जाणारे!

दुपारी आले. "वहिनी, तो परवाना काढू नका. आजवर झाकून होतं. आता कागदावर येईल, पाटलाच्या घरची सून अन्न इकते म्हणून."

म्हटलं, "इकतेच तं. येऊ द्या कागदावर."

७ फेब्रुवारी

पंचायतीत गेले. माणसांची गर्दी, बाई मी एकटी. ग्रामसेवक नवीन पोरगा, मान वर न करता लिहितो. नाव विचारलं, सांगितलं. यमुना. मग, "नवऱ्याचं नाव?"

इथं गाडी अडली. घ्यायचं नसतं. त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर कधी नाही. आईनं बजावलं होतं, मी पाळलं. सहा वर्षांपूर्वी हे मलकापूरला कापसाच्या जिनिंगात कामाला गेले, तिथंच एकीबरोबर बिऱ्हाड केलं, तरी पाळलं.

माझं तोंड उघडेना. मागून कुणीतरी, "उखाणा घ्या ना वहिनी!" सगळे खिदळले. बाकावर केशवभाऊजी बसलेलेच होते. ते म्हणाले, "जा तुमी घरी, मी सांगतो सगळं." मी पदर सावरून निघून आले. बरं झालं, सुटले, असं वाटलं.

भाऊजी एवढे मवाळ कसे झाले, हे मात्र कळलं नाही.

१२ फेब्रुवारी

नवे इंगळे मास्तर जेवायला आले. बौद्ध आहेत, अमडापूरचे. दारात उभं राहून हळूच म्हणाले, "बाई, मी बाहेर ओट्यावर बसू का?"

मला रागच आला. गावानं ह्या शिकलेल्या माणसाला कसं शिकवून ठेवलंय! म्हटलं, "ओट्यावर उन्हात कशाले बसता? ओळीत बसा. ओळीत बसायचं नसंल तर दुसरीकडं जेवा."

बसले. एक गिऱ्हाईक ताट घेऊन दुसऱ्या टोकाला सरकलं. ड्रायव्हर शेखभाईंनी त्याच्या रिकाम्या जागेवर मांडी घातली आणि भाकर मागितली.

२० फेब्रुवारी

बुलढाण्याहून साहेब तपासणीला. पाण्याचे रांजण पाहिले, झाकणं उचलली, मोरी पाहिली, चुलीमागं वाकून पाहिलं. काही सापडलं नाही. सापडणार काय, पहाटे उठून सारवलं होतं. ठेच्याचा वास घेऊन शिंकले तेवढं.

"मालक कुठं आहेत?"

"तुमच्यासमोर उभी आहे."

"नाही, म्हणजे मालक…"

"तेच सांगून राह्यली."

हसले बिचारे. शेरा चांगला लिहिला.

२ मार्च

परवाना आला. शिपायानं भाऊजींच्या हातात दिला, माझ्या नाही. तिथंच शंका आली. ओढून घेऊन वाचला.

मालक: केशव. खाली, स्वयंपाकीण: भावजय.

नावसुद्धा नाही. भावजय.

कान लाल झाले. विचारलं, हे काय? तर म्हणतात, "ग्रामसेवकानं इचारलं, तुमी बोलल्या नाही. मी काय सांगू? भाऊ तं इथं नाही. कागद घरातच आहे ना? मग काऊन आदळआपट करता?" आणि त्याच दमात, "त्या इंगळे मास्तरले उद्यापासून ओळीत बसवायचं नाही. मालक म्हणून सांगतो."

म्हणजे हे होतं पोटात. विकू नका म्हणणारेच आता विकणार. दळण माझं, धूर माझा, हात पोळले माझे, आणि एका नावाला लाजले म्हणून खानावळ त्यांची!

इंगळे मास्तर संध्याकाळी आले ते ओळीतच बसले. मी बसवलं. भाऊजी दारातून बघून गेले.

४ मार्च

सगळे जेवून गेल्यावर दार लावलं आणि चुलीपुढं बसून म्हणून पाहिलं. आधी ओठ हलले नुसते. मग हळू. मग मोठ्यानं. महादेव. महादेव. महादेव.

काही झालं नाही. चूल जळत होती तशीच जळत राहिली.

हसूही आलं. इतकी वर्षं देवळात गेले की देवालासुद्धा नावानं हाक मारता येत नव्हती. शंकरा म्हणायचं, भोळ्या म्हणायचं. नंतर मात्र रडले. त्याच्यासाठी नाही. जो मला टाकून गेला त्याचं नाव मी जिवापाड जपलं आणि माझं स्वतःचं कागदावरून गेलं, म्हणून.

इथं लिहिलंही आज पहिल्यांदा.

७ मार्च

पंचायतीची सभा. बोलावलं नव्हतं, गेले. सरपंच, पंच, ग्रामसेवक, भाऊजी, दाराशी रिकामी माणसं.

म्हटलं, "त्या दिवशी नवऱ्याचं नाव इचारलं होतं, ते सांगायले आली. महादेव. तो मलकापुरात राह्यते, दुसरीसंग. खानावळीत त्याचा एक तांब्या नाही की ह्या केशवभाऊजींचा. माझं नाव यमुना. ते लिहा मालकाच्या जागी."

एका म्हाताऱ्या पंचानं कानावर हात ठेवले. भाऊजी ताडकन उठले, "भर सभेत नाव घेतलं! माह्या भावाचं आयुष्य कमी केलं!"

"मग सहा वर्षं मीच वाढवून राह्यली होती. तुमच्या भावानं एक पोस्टकार्ड तरी टाकलं का त्यापायी?"

सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला, हसू दाबत होते. माणूस वाईट नाही, पण भाऊजींच्या मतांवर निवडून आलेला. म्हणाले, "बाई, तुमचं खरं आहे. पण नवरा जिता आहे. घर त्याच्या वाट्याचं. त्यानं येऊन माझी हरकत नाही म्हणावं. वीस तारखेले सभा, दुपारी. तवरोक खानावळ बंद ठेवा."

"बंद नाही ठेवणार," म्हटलं आणि आले.

येताना रस्त्यात दोघी बायका पदरात तोंड लपवून हसल्या. एक मात्र जवळ येऊन कुजबुजली, "कसं वाटलं वं, घेतल्यावर?"

"हलकं," मी म्हटलं. तिचा नवरा मागून येत होता, ती गेली.

१० मार्च

भाऊजींनी मोठी पातेली नेली. सासऱ्यांची आहेत म्हणे. खरं आहे, आहेत. आज बाजार. समाजाची भांडी मागायला गेले. लग्नाकार्याला सगळ्यांना देतात. मला मात्र, किल्ली हरवली म्हणे.

इंगळे मास्तरांना कळलं. मधल्या सुट्टीत दोन माणसांच्या डोक्यावर बौद्धवाड्याची समाजाची भांडी आली. दोन पातेली, मोठी परात, घासून लखलखीत. मास्तर म्हणाले, "बाई, विचार करा. ह्यात शिजवलं तर गिऱ्हाईक तुटेल."

मी विचार केला. पातेल्यात पाणी ओतेपर्यंत जेवढा होतो तेवढा. मग डाळ टाकली.

कंपाउंडर आला नाही. आणखी तिघे नाहीत. बाकीचे आले, वरण भुरकून गेले. शेखभाई म्हणाले, "बाई, आज दाल जादा अच्छी बनी." खोटं बोलत होते, मीठ कमी पडलं होतं.

घाबरले का? घाबरले. पण रांधलं.

१४ मार्च

भाऊजींनी मलकापूरला माणूस पाठवला. आज समजलं. भावाला आणणार आणि सभेत हरकत घ्यायला लावणार. कबूल काय केलंय कोण जाणे.

येऊ दे.

१९ मार्च

आला.

दुपारच्या गाडीनं. पिशवी हातात, केस पिकलेले, खोकतोय. मी वाढत होते. ओळखलं लगेच, आणि आधी पदर सावरला, ते लिहायला कशाला लाजू? दारात उभा राहून आत बघत राहिला. मग ओळीत शेवटी, इंगळे मास्तरांशेजारी, बसला. कुणाशेजारी बसलोय ते त्याला माहीत नव्हतं. मी ताट ठेवलं. वाढलं, इतरांना वाढलं तसंच. तीन भाकरी खाल्ल्या. भुकेला होता.

सगळे उठल्यावर म्हणाला, "सभेत नाव घेतलं म्हणे माहं?"

"घेतलं."

"केशव म्हणते, हरकत घे, तुले जिनिंगात जा लागणार नाही, गल्ल्यावर बसवतो." मग खाली बघत, "तू म्हणत असशील तं मी तुह्या बाजूनं बोलतो. पण मले इथंच राहू दे. तिकडं काही राह्यलं नाही आता."

सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाजूनं कुणी घरचं बोलायला तयार, आणि तेही भाव ठरवून. कीव आली. खरंच आली. त्याच्या सदऱ्याला गुंड्या नव्हत्या. पण कीव आली म्हणून मालकी सोडायची असं कुठं आहे?

म्हटलं, "राह्यचं असंल तर भाऊजींकडं जागा आहे. इथं जेवायले या. ओळीत बसायचं, मास्तरांजवळ, आजच्यासारखं. जेवणाचे पैसे द्यायचे. मालक मी."

"नवऱ्याकडून पैसे घेशील?"

"जेवणाऱ्याकडून घेते."

त्यानं खिसा चाचपला, काढले, ताटाशेजारी ठेवले. मी उचलले. मास्तर दारात हात धूत होते, त्यांनी मान फिरवून घेतली. उद्या काय बोलणार ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. गेला भावाकडे.

आता नीट विचार केला आहे. उद्या दुपारी मी सभेला जाणार नाही. तीच माझी वाढायची वेळ. शेखभाईंना, मास्तरांना, बाजारातल्या ओळखीच्यांना, सगळ्यांना निरोप दिला आहे, त्याच वेळी या. दार सताड उघडं ठेवीन. सभेनं बंद करा म्हटलं तर सरपंचांना आणि भाऊजींना इथं यावं लागेल, आणि तेव्हा ओळीत माणसं जेवत असतील. जेवत्या माणसापुढचं ताट उचलायला ह्या गावात कुणाचा हात धजतो, ते बघते.