दादाची गोळी

नवघर, गुरुवार सकाळ

प्रिय सावित्री,

भरतीचं पाणी पुरेसं आत आलं की बाबा मिठागराच्या तोंडाशी फळी टाकायचे. ओल्या लाकडाचा तो 'धप्प' आठवतो ना? मी बांधावर शाळेतली कविता घोळवत बसलेला असायचो, आणि नेमकी त्या आवाजाने माझी ओळ तुटायची. पाणी आणखी सोडायचं की अडवायचं, हे बाबा जिभेवर थेंब घेऊन ठरवायचे.

आधी कामाचं. गुडघेदुखीच्या त्या गोळ्या आजपासून बंद कर. एकही नको. प्रेशरची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नकोस.

सोमवारी माझा रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडाने गाळून टाकायचं ते क्रिएटिनिन दुप्पट. डॉक्टर शुभदाबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्रपिंडात बारीक रक्तवाहिन्यांच्या लाखो गुंडाळ्या असतात. प्रत्येकीला रक्त आत यायची एक वाट, बाहेर जायची एक. दाब वाढला की आतली वाट आवळते. उतरला की ती सैलावते आणि बाहेरची आवळते. म्हणून गाळणं एका लयीत चालतं. आणि ऐक, गाळलेलं पाणी फिरून पुन्हा त्या गुंडाळीपाशी येतं, तिथे त्यातलं मीठ जोखलं जातं. जास्त भरलं तर आतली वाट आवळते. मी म्हटलं, अहो, हे तर आमचे बाबा! बाई हसल्या नाहीत. "काका, ती वाट सैल ठेवायचं कामच तुमच्या गुडघ्याच्या गोळ्यांनी बंद पाडलंय. वर प्रेशरची गोळी, आणि पाणी पिता चमचाभर. गाळणार काय?"

मी वेळेत थांबलो, सुधारेल म्हणतात. पण तुलाही प्रेशर आहे. डोंगरीहून बसने कुठे निघायचं म्हटलं की तूही पाणी टाळतेस. आणि 'दादाची गोली हाय, ती वाईट न्हाय,' असं सगळ्यांना सांगत फिरतेस, तुझी सून विनिताच सांगत होती.

बाईंनी विचारलं, आणखी कुणाला दिल्यात का? मी नाही म्हणालो. दिवाळीपासून दर महिन्याला मीच तुला माझ्या गोळ्यांची पट्टी पाठवतोय, तुला न तपासता, डॉक्टर असल्यासारखा. फोनवर तुला ऐकू येत नाही ही सबब झाली. विनिताला सांगता आलं असतं. तीन दिवस लाज वाटली, म्हणून हे पत्र. लगेच रक्त तपासून घे, आणि गोळ्या माझ्या होत्या हे डॉक्टरांना सांग.

तुझाच,
नाथादादा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच बेल वाजली. दारात तूच! एकटी, चपला हातात. पाय सुजलेत, चपलेत मावत नाहीत म्हणालीस. आता बाहेरच्या खोलीत बसून आणखी एक पट्टी मागते आहेस. उठतो. हे पत्र तुझ्यासमोर ओरडून वाचतो, सगळी बिल्डिंग ऐकू दे.