डोरीनबाईंचा नमस्कार

३ नोव्हेंबर, सोमवार

त्या मालिकेसाठी मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: मेणा एक, सागवानी, दांडा बाभळीचा. आरामखुर्च्या दोन, वेत मीच विणला. उतरत्या झाकणाचं लिहायचं मेज एक. पेट्या सहा, त्यातल्या दोनच उघडणाऱ्या. तोफेचा गाडा एक. तोफ नकली, चाकं खरी. लाकडी बंदुका चौदा. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. शेतकऱ्याचं पोर रंधा मारतंय म्हणून सगळं खर्डा गाव हसायचं. वय तेव्हा तेवीस.

यादी करायचं कारण, लंडनहून मेल. डोरीन हॅलम गेल्या महिन्यात वारल्या. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्यावर माहितीपट करतायत. एकतीस वर्षांपूर्वी आमच्या किल्ल्यात त्यांच्या इंग्रजी मालिकेचं शूटिंग झालं, त्यातलं इथं कोण हयात आहे, अशी विचारणा. मेलमध्ये मला 'मजूर' म्हटलंय. उत्तरात पहिली दुरुस्ती तीच केली.

कमल भाकरी थापत होती. तिला सांगितलं. हात थांबला नाही. "लई चांगली बाई हुती," म्हणाली. शेवटची भाकरी झाल्यावर मात्र तवा उतरवून चुलीपुढं तशीच बसून राहिली.

५ नोव्हें., बुध.

डोरीनबाईंवरची माझी वही काढली. दोनशे पानी, पुठ्ठा आणि शिवण माझी. त्यांचं सगळं काम वर्षवार, शब्दकोश शेजारी घेऊन मराठीत लावलेलं.

जन्म समुद्रकाठच्या गावात. वडील मासळीच्या लिलावात कारकून. सतराव्या वर्षी नाटक कंपनीत, आधी कपड्यांना इस्त्री करायला. टीव्हीवर पहिली भूमिका नर्स, वाक्य एक. दुसरी पण नर्स, वाक्यं तीन. पुढं नऊ वर्षं एका पोलिसी मालिकेत इन्स्पेक्टरची बायको: ताट वाढून वाट बघणारी. चाळिशीला काम जवळजवळ बंद. मग खर्डा. त्यानंतर सिनेमे अकरा, मोठी बक्षिसं दोन. नवरे दोन, दुसरा चांगला. शेवटची चार वर्षं आठवण गेलेली. नाताळचं कार्ड भाची लिहायची.

एकूण कामं त्रेचाळीस. प्रत्येकापुढं 'विशेष' असा रकाना. बेचाळीस भरलेले. खर्ड्याचा कोरा.

९ नोव्हें., रवि.

माहितीपटवाल्यांची मुलगी येऊन गेली. अदिती, पुण्याची. चप्पल बाहेर काढली, खुर्चीला हात लावायच्या आधी विचारलं. बरी वाटली. खुर्ची म्हणजे दोनातली एक. शूटिंग संपल्यावर बाईंनी मला परत दिली होती. बसायला देत नाही कुणाला.

मोबाईलवर लंडनचे साहेब. अदिती भाषांतर करायला लागली. म्हटलं, गरज नाही, तीस वर्षं बाईंशी पत्रव्यवहार आहे. साहेबांचं बोलणं भरभर. दोनदा 'परत सांगा' म्हणावं लागलं. दोनदाच.

त्यांना हवा आहे तो तटावरचा प्रसंग. गोऱ्या अधिकाऱ्याची विधवा दिवस मावळताना एकटी तटावरून चालत जाते, पाठमोरी. टोकाला दोन पायऱ्या उतरते, वाकते, दगडाला हात लावून बोटं कपाळाला नेते. संपलं. चेहरा दिसत नाही. एवढ्यावर बाईंना पहिलं बक्षीस. तिकडच्या शाळांत शिकवतात म्हणे. परक्या मुलखापुढं एका मेमसाहेबाचं वाकणं, वगैरे. पटकथेत असं काही नव्हतं, बाईंनी ते ऐनवेळी आपल्या मनानं केलं, असं सगळे लिहितात.

साहेब म्हणाले, मुलाखतीत कुणीही विचारलं की बाई म्हणायच्या, तो नमस्कार माझा नव्हता. केवढा हा विनय.

मी अदितीला चहा विचारला.

१० नोव्हें., सोम.

काल लिहिलं नाही ते लिहितो. वहीत नाही, इथं.

बाईंना उंचीची भीती. तटावर चार पावलं गेल्या आणि खाली बसल्या. त्यांच्या जागी चालायला लंडनहून आणलेली पोरगी जुलाबानं आडवी झालेली. उजेड चाललेला. कमल माझा डबा घेऊन आली होती. लग्नाला आठ महिने, वय वीस. मेण्यासाठी बाईंचं माप मीच घेतलेलं: पाच फूट साडेसहा इंच. कमल पाच फूट सहा. कपडेवालीनं दोघींकडे बघितलं आणि माझ्याकडे.

टाचण्या लावून झगा चढवला. बूट दोन बोटं मोठे, आत कापूस. कमल तटावर वाढलेली, शेळ्या तिथंच चारायची. सरळ चालत गेली. खाली उतरताना त्या बुटाचा धक्का शेंदूर लावलेल्या दगडाला लागला. आपलं जे होतं तेच झालं: वाकली, हात लावला, कपाळाला नेला. पाय लागला की आपण वहीलाही तेच करतो.

सगळे चिडीचूप. मला वाटलं, वाया गेलं, परत करायला लावतील.

संध्याकाळी बाई माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आल्या. कमलचा हात हातात घेऊन विचारत होत्या, ते काय होतं. मला तेव्हा इंग्रजी जेमतेम. म्हटलं, "फूट. गॉड. सॉरी." बाई हसल्या नाहीत. तिन्ही शब्द एकदा परत म्हणून बघितले त्यांनी.

घरात, गावात कळू द्यायचं नाही असं ठरलं. वडील कडक. सुनेनं मेमचा झगा घालून शंभर माणसांपुढं चालणं म्हणजे... पुढं वडील गेले, आई गेली. ठरलेलं तसंच राहिलं.

प्रत्येक कार्डाच्या शेवटी बाई लिहायच्या: कमलच्या हाताला माझा नमस्कार. मी वाचून दाखवायचो. ती म्हणायची, "लिवा, पोचला म्हणून."

१४ नोव्हें., शुक्र.

साहेबांकडून कागद आला. 'मी तटाखाली उभा होतो, श्रीमती हॅलम यांनी तो नमस्कार आपणहून केला हे मी डोळ्यांनी पाहिलं.' सही आणि तारीख. हेच कॅमेऱ्यापुढं बोलायचं. खुर्ची तिकडच्या संग्रहालयाला द्यायची. मिळून दोन लाख.

कागदात 'पश्चिम तट' लिहिलंय. तो उत्तरेचा. तेवढं कळवलं.

कमलला कागद मराठीत वाचून दाखवला.

"खुर्ची द्या. पडूनच हाय."

"आणि सही?"

"मी कशी सांगू? तुमचं डोळं, तुमची सही." ताक घुसळत होती. जरा वेळानं म्हणाली, "तसं माझं तोंड कुठं दिसतंय त्यात? पाठमोरीच हाय मी."

खोटं लिहून देणार नाही हे नक्की. खरं सांगावं तर मेलेल्या बाईचं बक्षीस काढून घेतल्यासारखं. तिसरं काही आहे का, बघतोय. खुर्चीचा एक वेत सैल झालाय, तो आधी बदलतो.

१८ नोव्हें., मंगळ.

अदितीला फोन. खुर्ची फुकट घ्या, सही नाही. मी काय केलं, कसं केलं, ते विचारा, दिवसभर सांगेन. नमस्काराबद्दल बोलणार नाही. "का पण काका?" म्हटलं, मी सुतार, मला लाकडाचं विचारा. साहेबांना विचारते म्हणाली.

२२ नोव्हें., शनि.

किल्ल्यात शूटिंग. मी बोललो पाऊण तास. मेण्याला एकही खिळा नाही, नुसत्या खाचांवर उभा, हे त्यांना दोनदा घ्यायला लावलं. पहिल्यांदा कॅमेरा माझ्या तोंडावर होता, हातांवर नव्हता.

कमल डबा घेऊन आली. सगळ्यांसाठी: पिठलं, भाकरी, ठेचा. आम्ही तटावर. खालून आली ती पायऱ्या चढून आमच्याकडे, डोक्यावर पाटी, एक हात मोकळा. त्या दगडापाशी पाय जरा अडखळला. पाटी न हलवता वाकली, हात लावला, कपाळाला नेला, पुढं आली. तिच्या ध्यानातही नाही.

अदितीच्या आहे. भाकरी हातात तशीच, मोबाईलमध्ये तो जुना तुकडा लावला. बघितला. कमलकडे बघितलं. परत लावला.

"मावशी," म्हणाली, "तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"व्हय. का गं?"

"काही नाही. डोरीनबाई उजव्या हाताच्या होत्या."

एकतीस वर्षं मी तो तुकडा बघतोय. मापं लिहिली, बुटांतला कापूस लिहिला. डावा हात माझ्या नजरेतून सुटला. तिथं शिकवणाऱ्यांच्याही.

कमल ठेचा वाढत होती. म्हणाली, "खा पोरी. गार झाल्यावर भाकरी चिवट हुती."

२३ नोव्हें., रवि.

अदितीचा फोन नाही. दुकानात खिडकीच्या चौकटी दोन पूर्ण.

२७ नोव्हें., गुरु.

अदितीचा फोन, माझ्या नंबरवर. साहेबांना तिनं सांगितलं नव्हतं. जेवणाच्या वेळी कॅमेरा चालूच राहिला होता, ते चित्रीकरण बघताना त्यांनाच दिसलं. आता माहितीपटाचा शेवटच बदलायचा म्हणतात. भाचीशी बोलले. भाचीकडे बाईंची एक वही निघाली, पहिल्या पानावर इंग्रजीत तीन शब्द: पाय, देव, माफी. कुणालाच अर्थ लागत नव्हता.

बक्षिसाला धक्का लागणार नाही म्हणाली. उलट बाई आयुष्यभर खरंच सांगत होत्या हे दिसेल.

नवीन प्रस्ताव सांगितला. मी तिथंच नाही म्हणून टाकलं. विचार करायला आठ दिवस घ्या म्हणाली. म्हटलं, घेतले.

"काका, मावशींना विचारलंत का?"

म्हटलं, आमच्या घरातलं मी बघतो.

१ डिसें., सोम.

कमलला सांगितलं. आधी सांगणार नव्हतो. खिचडी खाता खाता तोंडातून निघून गेलं.

"मग?"

"नाही म्हटलं."

"बरं."

दोन घास.

"का न्हाई म्हटलं?"

"तुझं नको होतं ना बाहेर यायला. ठरलं होतं आपलं."

ताट बाजूला सारलं तिनं. आवाज चढला नाही. "ठरलं न्हवतं. तुमी ठरीवलं. मी मामंजींला घाबरत हुते व्हय? मामंजीच तर म्हनायचे, सून तटावरून शेळीवानी चालती. तुमाला लाज वाटली. झगा मी घातला आन लाज तुमाला."

मी म्हटलं, लाज नव्हे.

"मग काय हुतं? लिवा तुमच्या वहीत. तुमाला बारीक-सारीक लिवायची लई हौस."

१० तारखेच्या नोंदीत 'असं ठरलं' लिहिलंय. दुरुस्ती: मी ठरवलं. तटावर शंभर माणसं तिच्याकडे बघत होती, आणि त्या दिवशी सकाळीच माझा मेणा पूर्ण झाला होता. मेण्याकडे कुणी बघितलं नाही.

हे एकतीस वर्षांत मी कुठं लिहिलेलं नाही.

३ डिसें., बुध.

टेम्पो आला, खुर्ची गेली. घोंगडीत गुंडाळून मीच चढवली. पावतीवर 'कारागीर' लिहून घेतलं.

वही उघडली. खर्ड्याचा रकाना. पेन्सिलीनं 'कमल' लिहिलं. पेनानं लिहायचं राहिलं. तिला विचारून.

४ डिसें., गुरु.

सकाळी कमलनं अदितीचा नंबर मागितला. कशाला, विचारलं नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. ती तो पदराला बांधून दळणाला गेली. दुपारपर्यंत आली नाही. गिरणीत लाईट नसेल. किंवा.

नोंद राहिली होती ती करतो. मी नाकारलेला प्रस्ताव: कमलनं तिच्याच लुगड्यात, कॅमेऱ्याकडे तोंड करून, उत्तरेच्या तटावरून चालायचं. दगडापाशी थांबायचं. आपलं नाव सांगायचं. एक दिवसाचं काम. रुपये सात लाख.