बाबांचा न सापडलेला डबा

ल्होत्का, ऑगस्टचा तिसरा रविवार

तीर्थस्वरूप बोहुमीरकाकांना पुतणी वेंदुलाचा वाकून नमस्कार,

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर चालू असतील (मी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे माझी खुशालीची चौकशी गोळ्यांपासूनच सुरू होते) आणि तिकडे ओलोमोउत्सला उकाडा बेताचा असेल, अशी आशा आहे. आम्ही सगळे दरवर्षीसारखे नदीकाठच्या लाकडी घरात सुट्टीला आलो आहोत. बाबा आणि तुम्ही अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाही, त्याबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही असं मी आईला कबूल केलंय, तेव्हा तो विषय इथेच संपला. मला फक्त काकूंच्या जर्दाळूच्या क्नेडलिकांची कृती हवी आहे. आमचे पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात फुटतात.

कृती मागताना चार ओळी इकडच्या तिकडच्या लिहाव्यात, म्हणून सांगते, की यंदा आमच्या घराला जिओकॅशिंगचं वेड लागलंय. त्याचं खापर शेजारच्या इवोच्या डोक्यावर. हा माणूस आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करतो आणि शनिवार-रविवारी डबे शोधतो. आजवर चार हजार शोधलेत. खेळ असा: कोणीतरी पुलाखाली किंवा झाडाच्या ढोलीत एक डबा लपवतो आणि ती जागा आकड्यांत इंटरनेटवर टाकतो. मग चांगली शिकलीसवरलेली माणसं फोन हातात धरून काट्याकुट्यांतून तो शोधत जातात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवून घरी यायचं. मिळत काही नाही. बाबांनी हे ऐकलं तेव्हा ते बिअरचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "अरे इवो, मी चाळीस वर्षं वनरक्षक होतो. लोकांनी जंगलात टाकलेले डबे उचलायचा मला पगार मिळायचा. आता तेच फुकट करू होय?"

तरी आले, कारण आमच्या अपोलेनाने (ती आता नऊ वर्षांची आहे, आणि हट्टाच्या बाबतीत थेट तुमच्या घराण्यावर गेली आहे) त्यांची काठी लपवून ठेवली होती आणि आल्याशिवाय देणार नाही म्हणाली. काका, त्या दिवशी तुम्ही हवे होतात. इवोचा फोन उपग्रहांशी सल्लामसलत करत होता, माझा नवरा रादोवान खाजऱ्या झुडपांत कमरेएवढा शिरला होता, आणि बाबा पाइन वृक्षांखाली नुसते उभे होते. मग त्यांनी चष्मा पुसला, एका बुंध्यापाशी गेले आणि म्हणाले, "ही साल या झाडाची नाही." खरंच नव्हती. तिच्यामागे डबा होता. इवोने टोपी काढली. त्यानंतर बाबांनी पंधरा दिवसांत एकतीस डबे शोधले, आणि बहात्तराव्या वर्षी शाळेतल्या पोरासारखं वहीत नाव लिहिताना त्यांची जीभ बाहेर येते, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटतो, की सुट्टी संपल्यावर दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्यांनाही मी हेच सांगत बसणार आहे.

आईचीही गोष्ट सांगितली पाहिजे. डब्यातली एखादी वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी, असा नियम आहे. आईने एका डब्यातून काचेची गोटी घेतली आणि तिथे स्वतःच्या हातच्या लोणच्याच्या काकड्यांची बरणी ठेवली. इवो कासावीस झाला. "अहो मावशी, खायचं ठेवायचं नसतं, रानडुकरं येतात!" आई म्हणाली, "माझ्या काकड्या रानडुकरांना मिळायच्या आधी संपतील." आठवड्याने आम्ही बरणी परत आणायला गेलो, तर ती रिकामी, धुतलेली, आणि वहीत अनोळखी अक्षरात सहा जणांचे आभार.

संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांची गोचीड-तपासणी होते. रादोवानच्या अंगावर एकदा अकरा निघाल्या. (बाबांना गोचीड चावत नाही. चाळीस वर्षांत ओळख झालेली असणार.)

आता त्या दिवसाबद्दल लिहिते, आणि आईला दिलेलं वचन इथे जरासं वाकतंय. डबा शोधताना बघ्यांना संशय येता कामा नये, नाहीतर कोणीतरी डबा पळवतं. इवो म्हणाला, आपण वेषांतर करू. जंगलातला सगळ्यांत निरुपद्रवी माणूस कोण? अळंब्या गोळा करणारा. म्हणून आम्ही सहाही जणांनी हातात टोपली घेतली, बाबांनी ती जुनी हिरवी टोपी घातली, आणि दोन दिवसांच्या पावसानंतरच्या शनिवारी, आपल्या या अळंबीवेड्या देशात, आम्ही टोपल्या घेऊन, अगदी ठाम पावलांनी, पायवाट सोडून जंगलात शिरलो! काका, तुम्हाला पुढचं सांगायला नको. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. अर्ध्या तासाने मी मागे वळून पाहिलं तर आम्हाला अळंब्यांची गुप्त जागा ठाऊक आहे असं समजून मागे लागलेली चौदा माणसं होती. सगळ्यांकडे टोपल्या, सगळे झाडांकडे बघण्यात गुंग. आम्ही थांबलो की थांबायचे. बाबा एका बुंध्याखाली वाकले तर मागच्या दोन बायकांनी अळंब्या कापायचे चाकू उघडले.

बाबांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. "लाज नाही वाटत लोकांच्या मागे फिरायला?" असं ते ओरडले, तर पिवळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ अगदी प्रेमाने म्हणाले, "अहो, रागावता काय? आम्ही काय आज येतोय तुमच्या मागे? बारा वर्षं झाली. तुम्ही शीळ घालत चालता ना, फार सोयीचं पडतं. त्या ओढ्यापलीकडच्या बर्चच्या झाडांतली ती जागा आम्हाला तशीच तर सापडली. काय अळंब्या होत्या हो!"

बाबा तिथेच ओंडक्यावर बसले. ती जागा तुमच्या आणि त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती, आईलाही नाही. तिचं गुपित फुटलं तेव्हा त्यांनी तुमच्यावर आळ घेतला, तुम्ही तो झिडकारलात, आणि पुढचं मी लिहिणार नाही. अपोलेनाने विचारलं, "आजोबा, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "नाही गं. मी एक गाढव आहे, ते आत्ता कळलं." त्या दिवशी आम्ही डबा शोधलाच नाही.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी इवोकडून एक मजबूत डबा मागून घेतला आणि स्वतः लपवून आले. कुठे, ते सांगत नाहीत. इंटरनेटवर जागेचे आकडे अर्धेच दिलेत, उरलेल्यांसाठी एक कोडं आहे: "लहानपणी माझा नवा बूट पुलावरून नदीत पडला. माझ्या भावाने दोष स्वतःवर घेतला. त्याने किती फटके खाल्ले?" इवोने पाच धरून पाहिलं, तो दलदलीत गेला. आठ धरले, तर मधमाश्यांच्या पेट्यांत. एकाने जाहीर तक्रार लिहिली, की हे कोडं नसून कौटुंबिक भांडण आहे. कोणी पोहोचलेलं नाही. बाबा रोज सकाळी चहाच्या आधी अपोलेनाच्या फोनवर बघतात, कोणाचं नाव आलंय का. नसतं. मग ते म्हणतात, "गुडघेदुखीवाल्या माणसाला वेळ लागतो." आणि लाकडं फोडायला जातात.

असो. कृती तेवढी पाठवा. काकूंना नमस्कार, मांजराला माझ्यातर्फे कानामागे खाजवा.

तुमची,
वेंदुला

ता. क. कृती नाही पाठवली तरी चालेल. क्नेडलिक फुटत नाहीत, मला चांगले जमतात.

ता. क. २. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघालात तर जेवायच्या वेळेला पोहोचाल. रादोवान स्टेशनवर गाडी घेऊन येईल. काका, या हो. डब्यातल्या वहीचं पहिलं पान कोरं आहे, आणि बाबांनी त्या दिवसापासून शीळ घालणं सोडलंय. घर फार शांत झालंय. मी लिहिल्याचं त्यांना माहीत नाही.

ता. क. ३. (दुसऱ्या अक्षरात) बोहुश, माहीत आहे. पाकीट मी उघडलं. फटके मी चुलीमागे लपून मोजले होते, एखादा चुकला असेल. तुझा आकडा जुळला नाही तर दलदलीकडे जाऊ नकोस. शनिवारी मी डब्याजवळच बसलेला असेन आणि शीळ घालत राहीन. बारा वर्षं सगळं जग तिच्या मागे आलं. आता तू ये.