उघडा कंस

३ नोव्हेंबर
आले एकदाची. पोलादपुराच्या वरची वाडी, पण घर पक्कं हाय. वर स्लॅब, नळ आत, संडाससुद्धा आत. माझी खोली पडवीला लागून. खिडकीतनं महाबळेश्वरला चाललेल्या गाड्या दिसतात, मुंबईची माणसं माना बाहेर काढून ओकतात. बरी करमणूक हाय. वरंधला सुनेची तोंडं बघण्यापेक्षा हे झ्याक.
मी चौथी शिकलेली. वही श्रीपतनं दिलीन. त्याचा वकील म्हणाला, रोज लिहा, तुम्ही ह्याच घरात राहता असं दिसलं पायजे. वकिलांना दुसरा धंदा नाय. श्रीपत माझ्या चुलतभावाचा धाकटा. थोरला सुहास बावीस वर्षं कॅनडात.

५ नोव्हेंबर
सगळी रड कळली. जमीन दोघा भावांच्या नावावर. गिऱ्हाईक आलंय, सुहासची सही पायजे. तो म्हणतो मुखत्यारपत्र करतो, वकिलातीचा शिक्का घेतो, थांबा. चार वर्षं शिक्काच घेतोय. तिकडं बर्फ उपसतो नि इकडची कलमं किती जगली ते फोनवर विचारतो.
श्रीपत म्हणाला, आत्ये, तो तिकडं मेला असं दाखवू. लग्न नाय, पोर नाय, वारस मीच. तू पंच म्हणून सही कर. सातबाऱ्यावर इतर हक्कात तुझं नाव घालतो, मरेपर्यंत खोली तुझी. त्याची बायको सारिका पुटपुटली, जित्या माणसाला असं करू नये. मी म्हटलं, गप गो, कागदावर मेल्यानं कुणाला सर्दी होत नाय.
सही ठोकली. रेशनकार्डाबाहेर माझं नाव आजवर कुठं लागलेलं नाय. आता सातबाऱ्यावर लागेल.

९ नोव्हेंबर
गावाला दाखवायला क्रिया केली. परमुलखात मेला, देह मिळाला नाय, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा. ट्रंकेत सुहासचा जुना निळा चौकडीचा शर्ट होता, तो चढवला. नदीवर जाळला. शेजारणी रडल्या पण. बावीस वर्षांत त्याचं तोंड बघितलं नाय नि म्हणे रडतात.

१३ नोव्हेंबर
श्रीपत फोन घरी विसरला. वाजला, मी उचलला. सुहास. आत्या, तिकडं सगळी बरी ना, म्हणाला. मग सांगायला लागला, त्याच्याकडं दुकानांची काचेची दारं आपोआप उघडतात. चार दिवस झाले, त्याच्यासाठी उघडत नायत. मागनं दुसरा कोण आला की उघडतात. म्हटलं, ढकल रे. परदेशी राहून दार ढकलायचं पण विसरलास.

२१ नोव्हेंबर
पुन्हा त्याचा फोन. ऑफिसात त्याच्या खुर्चीत दुसरा बसवलाय. हा समोर उभा, कोण बघत नाय. आवाज पातळ झालाय, विहिरीत वाकून बोलल्यासारखा. घरी येतो म्हणाला. म्हटलं, तिकीट काढ नि ये. म्हणाला, आता तिकीट लागत नाय आत्या.
श्रीपतला सांगितलं. तो हसला. मी पण.

४ डिसेंबर
सातबारा आला. त्यावर माणूस मेला की नाव पुसत नायत, दोन्ही बाजूंनी कंस घालतात. कंसात गेला तो मेला. सुहासच्या नावाआधी कंस उघडलाय. नावापुढं बंद केलेलाच नाय. खाली श्रीपत. त्याच्या खाली मी. मग कागद संपला.
श्रीपत म्हणाला, छपाईची चूक. तलाठी सोमवारी भेटतील. माझं नाव मी चार वेळा वाचलं.

६ डिसेंबर
श्रीपत बाजारातनं रिकामा आला. वाणी बघतच नव्हता म्हणे. जेवताना सारिकानं दोनच ताटं घेतली, एक तिचं, एक माझं. तो समोर पाटावर. मी बोट दाखवलं. सारिका म्हणाली, कोण, आत्या?

७ डिसेंबर
सारिकाचं कपाळ मोकळं. विचारलं तर म्हणाली, त्यांना जाऊन किती दिवस झाले, तुम्ही विसरता.
श्रीपत पडवीत बाकावर होता. भर दुपार. त्याच्या शेजारी आणखी एक – निळा चौकडीचा शर्ट, जळून काळा. पळसाचा धूर यावा तसा वास. बावीस वर्षांनी दोघं भाऊ शेजारी. दोघं जरा सरकले. मधे एका माणसाची जागा –

८ डिसेंबर
एसटीनं तलाठ्याकडं गेले. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाय. म्हटलं बरं झालं, फुकट. मग एक बाई माझ्या मांडीवर बसली. जड लागली नाय.
तलाठी माझ्या मागच्याला बोलावतो. त्याच्यापुढं सातबारा ठेवला. त्यावर त्यानं चहाचा कप ठेवलान –

८, दुपार
सारिके, तुला वाचता येतं म्हणून लिहिते. तलाठ्याला सांग, श्रीपतच्या नावापुढं कंस बंद कर. ते दोघं राहू दे आत. माझ्या आधी बंद –
सारिका आली. वही उचलली. कोरी वही कुणी टाकली म्हणाली. ठेवून गेली.
पडवीतनं हाका. आत्ये, ये, जागा केलीय.
मी सही केली तशीच आताही करते. मी जिती हाय. खाली माझं नाव –
(तुळसा भिकू