सासूबाईंनी धुतलेले टॉवेल

शनिवार, संध्याकाळ. उरण.

डोकं अजून तापलेलंच आहे. गाड्या पुसायचे माझे सगळे मायक्रोफायबर टॉवेल आज सासूबाईंनी धुतले. मला न विचारता, कढत पाण्यात, आपल्या सुती लुगड्यांबरोबर, वर सुगंधी कंडिशनर ओतून! आता ते पाणीच शोषत नाहीत, आणि लुगड्यांचं सूत चिकटलंय ते निघता निघत नाही.

त्याच टॉवेलांनी मी पाटलांची काळी गाडी पुसली, तर बॉनेटभर पांढरे तंतू आणि ओघळ. उद्या त्यांच्या मुलाची वरात त्याच गाडीतून. नवं पाकीट फोडून सगळी गाडी परत पुसली. कंबर मोडली. आणि अंगणात ते टॉवेल मोगऱ्यासारखे घमघमतायत!

"आई, हे वेगळे धुवायचे असतात, गार पाण्यात." आवाज चढलाच माझा.

"मऊ व्हतील म्हनून घातला गो," म्हणाल्या आणि आत गेल्या.

चिडू नको तर काय करू? गाड्या धुण्यापुसण्याचं दुकान टाकल्यापासून सासूबाईंकडून 'बाईमानसानं गाड्या पुसायच्या?' एवढंच ऐकत आले. आजवर माझ्या कामाला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. आज लावलं, ते हे असं!

मघाशी शेजारीण दोरीवरचा एक टॉवेल चाचपत होती. सासूबाई आतून ओरडल्या, "हात नको लावू! आमचे सुनेच्या धंद्याचे हायेत ते."