साबणाचा भाव

सोमवार, ११ नोव्हेंबर

प्रिय राणीसरकार,

शनिवार, ९ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तेलाच्या डब्यांसमोर, चार बायकांच्या देखत तू माझं नाक कापलंस. तू तिथे नव्हतीस, हे मला ठाऊक आहे. नसताना कापलंस, म्हणून तर हे पत्र.

तारीख आणि वेळ आधी घातली, कारण शाळेत आमच्या सिस्टरांनी तसंच शिकवलं. तक्रार करायची तर आधी केव्हा, मग कुठे, मग काय. रडायचं असेल तर वेगळ्या कागदावर. ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय पत्र पुढे नेऊ नये, हेही त्यांनीच शिकवलं. तेव्हा विचारते. कशी आहेस? माझ्या भावाचा गुडघा काय म्हणतो? त्याला म्हणावं, जिना चढताना कठडा धर, तू आता पंचविशीतला राहिलेला नाहीस. मी ठणठणीत आहे. छपराचं काम झालं, गळती थांबली.

झाली ख्यालीखुशाली.

तुला माहीत आहे, मी निवृत्त होईपर्यंत इस्पितळाचं भांडार सांभाळलं. साखर, साबण, चादरी, फिनेल, सगळं माझ्या सहीने आत यायचं. पुरवठा करणारे माझ्या खोलीत शिरायच्या आधी बाहेर पाणी पिऊन घ्यायचे. निवृत्तीनंतर खोली गेली, सही गेली. जीभ तेवढी राहिली. ती मी वाणसामानाच्या दुकानात वापरते. त्यात कोणाला त्रास होण्याचं कारण नाही.

आमच्या इमारतीतल्या बायका मला विचारायला येतात. मीही सांगते. पोट भरल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका, भुकेल्या माणसाला सगळंच लागतं. डोळ्यांसमोरच्या फळीवर महाग माल असतो, वाका आणि खालच्या फळीवर बघा. पुड्याची किंमत वाचू नका, किलोला काय पडलं ते काढा. भाजी दुकान मिटायच्या वेळी घ्या. एकावर एक फुकट म्हणतात तेव्हा आधी विचारा, पहिलं तरी लागणार होतं का? आणि शेवटी मी माझे भाव सांगत असे. तेल असं घेतलं, तांदूळ असा घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण या भावात तेल मिळणं शक्य नाही." मी म्हटलं, "चला. शनिवारी चला माझ्याबरोबर. डोळ्यांनीच बघा."

आणि चौघींना घेऊन गेले. वरातच म्हण ना.

दुकानदार जागेवर नव्हता. दाढ काढायला गेला होता. गल्ल्यावर त्याची सासू. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती जगालाच कमी ऐकू येतं असं धरून बोलते. मास्तरीणबाईंनी डबा उचलला आणि माझा भाव सांगितला. सासू ओरडली, "हा भाव बाईंचाय! तुम्हाला नाही मिळायचा! बाईंचे वरचे पैसे त्यांची भावजय भरते, दर महिन्याला येऊन!"

दुकानात पाव घ्यायला आलेला एक गृहस्थही थांबला.

कोणी हसलं असतं तर मी निभावून नेलं असतं. कोणी हसलं नाही. मास्तरीणबाई डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला लागल्या, आणि त्यांचा चष्मा तर कपाळावर होता. दुसरी म्हणाली, "किती गुणाची भावजय हो तुमची!" मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. इतकी वर्षं खरेदी करते आहे, पण दुकानातून रिकामी पिशवी मी कधी आणली नव्हती.

संध्याकाळी दुकानदार आला. गाल सुजलेला, तोंडात कापूस. मी त्याला खुर्ची दिली नाही. आधी म्हणाला, "सासूबाईंना काही कळत नाही हो." मी म्हटलं, "सगळ्यात जास्त त्यांनाच कळतं. तू बोल." मग बोलला. तू त्याला घातलेली अट त्याने मला जशीच्या तशी सांगितली: "वन्संना कळता कामा नये. आणि त्यांनी भाव पाडला की लगेच हो म्हणायचं नाही. थोडं भांडायचं, मग द्यायचं."

राणीसरकार, पैशांचं मी एक वेळ गिळलं असतं. पण भांडायचं? तो कपाळावर हात मारून "बाई, तुम्ही माझं दुकान विकायला लावाल" म्हणायचा, आणि मी घरी येऊन आरशात बघून स्वतःवर खूश व्हायचे. ते नाटक होतं! मी एकटी खरं भांडत होते!

आता तू म्हणशील, मी हे का केलं ते तुम्हाला माहीत आहे. माहीत आहे. जूनमध्ये मला ताप आला होता, तू चहा करायला आत गेलीस. मोरीवरच्या दोरीला वापरलेल्या दोन टी-बॅगा चिमटे लावून वाळत घातल्या होत्या, त्या तू पाहिल्यास. तू काही बोलली नाहीस. आपल्या घरात तुझ्याइतकी बडबडी बाई दुसरी नाही आणि तू काही बोलली नाहीस, तिथेच मला कळायला हवं होतं.

तर ऐक. छपराच्या दुरुस्तीतला माझा वाटा मी शिलकीतून दिला आणि शिल्लक संपली. एवढंच. याला गरिबी म्हणत नाहीत, याला छप्पर म्हणतात. आणि टी-बॅगेतून दुसरा कप बरा निघतो. तिसरा निघत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

माझा भाऊ चिकट नाही, पण त्याला न सांगता तू पैसे काढलेस कुठून? गेल्या महिन्यात तू आलीस तेव्हा तुझे केस मागून तिरके होते. मी म्हटलं, "उंदरांनी कुरतडले की काय?" तू मान हलवून म्हणालीस, "नवी फॅशन आहे, वन्सं." तू, जी महिन्यातून दोनदा पार्लरमध्ये जायचीस. तू, जिला मी राणीसरकार हे नाव लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवलं, कारण तू एका साडीवर जुळत नाहीत म्हणून चपला बदलून आलीस. शनिवारी दुपारी ती फॅशन माझ्या लक्षात आली. घरातली कात्री नीट चालत नसेल तर माझ्याकडे इस्पितळातली आहे. मागून मीच कापीन. सरळ कापीन.

दुकानदाराला मी बजावलं आहे की यापुढे मला खरा भाव. जास्त वाटला तर मी कमी घेईन. तोंड पाडून निघाला, दारात थांबला आणि म्हणाला, "बाई, एक सांगू? साबणाचं तसं नव्हतं. साबणाचा भाव तुम्हीच पाडलात. एकदम दोन डझन घेते, खोकं फोडून सुटे करून देऊ नकोस, तुझी मेहनत वाचते, असं म्हणालात ना, ते मला पटलं. त्यात वहिनींचा एक पैसा नाही."

मी त्याला खुर्ची दिली. चहाही दिला. पहिला कप.

आता एक गोष्ट, जी मी त्या बायकांना कधी सांगितली नाही. मोठं पोतं स्वस्त पडतं हे सगळ्या सांगतात. पण एकट्या माणसाच्या घरात मोठं पोतं संपत नाही, त्याला किडे लागतात. म्हणून एकट्या माणसाने छोटी पुडी घ्यायची, आणि छोटी पुडी महाग. सगळंच महाग पडतं एकटीला. मी कितीही भांडले तरी हा भाव पाडता येत नाही. पूर्वी आपण दर शनिवारी बरोबर जायचो, तू नको ते घ्यायचीस आणि मी परत ठेवायचे, तेव्हा पोतं अर्धं अर्धं वाटायचो. तू शनिवारी दुकानात येणं का थांबवलंस, ते आता कळलं. समोर उभी राहून तुला नाटक जमलं नसतं, तू हसली असतीस.

तेव्हा तुझ्याकडून लेखी उत्तर हवं आहे. पैसे भरायला नक्की कधी सुरुवात केलीस? जूननंतर असेल तर मे महिन्यात मी तांदळाचा जो भाव पाडला तो माझा, आणि मला तो माझ्या नावावर हवा आहे. दुसरं, हे सगळं थांबवशील का? तिसरं, येत्या शनिवारी दहा वाजता दुकानाच्या दारात येशील का? पोतं एक, वाटे दोन, ज्याचे त्याने पैसे द्यायचे. त्या चौघीही यायच्या आहेत, मी त्यांना सांगून ठेवलं आहे. मी खरी भांडणार आहे. तू मध्ये बोलायचं नाही.

सोबत साबणाच्या सहा वड्या पाठवते आहे. माझ्या भावात घेतलेल्या आहेत. खात्री हवी असेल तर सासूबाईंना विचार, त्या साऱ्या गल्लीला ऐकवतील.

उत्तर शुक्रवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन करायचा नाही. फोनवर तू हसतेस आणि मग मला रागावता येत नाही. सहापर्यंत उत्तर आलं नाही तर तुझ्या वाट्याच्या अर्ध्या पोत्याला किडे लागतील, आणि त्याला जबाबदार तू.

उत्तराची वाट पाहणारी,
पुरेपूर भाव देऊन,
तुझी वन्सं